बाईसाहेबांना चढावर धाप लागते

स्वतः भिजत उभा राहून इंजिनावर छत्री धरणारा माणूस मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

स्पेअर पार्टच्या दुकानातून मी स्कूटरवर परतत होते. पाऊस असा कोसळत होता की वायपरवाल्यांनाही पुढचं दिसू नये, आणि माझ्या हेल्मेटला तर वायपर नाही. दवाखान्याच्या चढावर एक जुनी गाडी बॉनेट उघडून उभी होती. सायीच्या रंगाची, गोल दिव्यांची, माझ्यापेक्षा वयाने कितीतरी मोठी. आणि तिच्याशेजारी तो. केसांतून पाणी निथळतंय, चष्म्यावरून ओघळतंय, शर्ट अंगाला चिकटलाय… आणि हातातली काळी छत्री मात्र जिवापाड जपून इंजिनावर धरलेली.

अशा माणसाला मागे टाकून जाणं मला जमलं नाही. खरं सांगायचं तर अशा गाडीला मागे टाकून जाणं जमलं नाही. जुन्या गाड्या दुरुस्त करणं हा आमच्या घरचा धंदा, आणि घरचं वेडही.

"काय झालं?" मी स्कूटर लावत ओरडून विचारलं.

"बाईसाहेबांना चढावर धाप लागते," तो म्हणाला.

"कुणाला?"

"हिला." त्याने गाडीकडे मान केली. "सपाटीवर अगदी छान असतात. चढ लागला की आधी दम कमी होतो, मग आचके देतात, आणि मग… शांत."

"आणि ही छत्री?"

"इंजिन भिजू नये म्हणून."

"बॉनेट बंद केलं असतं तर भिजलं नसतं."

त्याने बॉनेटकडे पाहिलं. मग छत्रीकडे पाहिलं. मग चष्म्यावरून ओघळणाऱ्या पाण्यातून माझ्याकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "ही एक शक्यता होती."

मी हसू दाबत आत बसले, चावी फिरवली आणि बाईसाहेब पहिल्या फटक्यात सुरू झाल्या. आचका नाही, खोकला नाही. तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी मेलेल्या माणसाला उठवून बसवलंय. मी काहीच केलं नव्हतं, पण हे कबूल करण्याचा प्रामाणिकपणा त्या क्षणी मला सुचला नाही.

"पावसाचा अंदाज न घेताच बाहेर पडलात वाटतं?"

"घेतला होता," तो खाली बघत म्हणाला. "म्हणजे… मीच दिला होता. दिवसभर कोरडं राहील असा."

तो हवामान खात्यात होता. मी इतकी मोठ्याने हसले की तोंडात पाऊस गेला.

आमचं गॅरेज टायरच्या दुकानामागे आहे. वर पत्रा, खाली तेल पिऊन काळी झालेली फरशी, आणि मधे एखादी गाडी, जिच्याखालून माझ्या बाबांचे पाय बाहेर आलेले. बाबांचं तोंड मी जेवताना बघते. बाकी दिवसभर आमचं बोलणं पायांशी चालतं. दारावर मी माझ्या हाताने लाल रंगात रंगवलेला बोर्ड आहे: 'टाकीत पेट्रोल भरूनच गाडी आणावी.' लोक ठणठणीत रिकाम्या टाकीनिशी गाडी ढकलत आणायचे, आणि मग फेरी मारून बघायला आमच्याच डब्यातलं पेट्रोल जायचं. बोर्ड लागल्यावरही निम्मे लोक तसेच यायचे.

चढावर पत्ता देताना मी त्याला बोर्डाचंही सांगितलं होतं, आणि तो मात्र दुसऱ्या दिवशी आला तो बोर्ड पाळून. "कोपऱ्यावरच्या पंपावर भरलं," त्याने दारातूनच सांगितलं. एवढं आज्ञाधारक गिऱ्हाईक बघून बाबांचा पाय हलायचा थांबला.

मी बाईसाहेबांची तपासणी केली. इंजिन नीट चालत नसेल तर दोनच गोष्टी बघायच्या असतात, एक तर ठिणगी कमी पडते किंवा पेट्रोल कमी पडतं. प्लग काढून बघितले, स्वच्छ. ठिणगी निळीशार. पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर उघडून धुतला. चौकापर्यंत फेरी मारून आले, तर बाईसाहेब तरण्याबांड पोरीसारख्या पळाल्या.

"काही दोष नाही," मी सांगितलं.

दोन दिवसांनी तो पुन्हा हजर. "काल परत. त्याच चढावर. हवेत दमटपणा भरपूर होता, वारा नैऋत्येकडून."

"वाऱ्याचा काय संबंध?"

"माहीत नाही. पण होता."

मी पेट्रोलचा पंप बदलला. तो पुन्हा आला. मी ठिणगीची कॉइल बदलली. तो पुन्हा आला. प्रत्येक वेळी आमच्या दारात बाईसाहेब मांजरासारख्या गुरगुरत उभ्या राहायच्या, आणि प्रत्येक वेळी तो त्यांच्या आजाराचं वर्णन करायचा, तेही आवाजासकट.

"आधी असं… भुर्र, भुर्र. मग भुर्र… भु… भ… आणि मग खाडकन एकदा, आणि संपलं."

तो आवाज इतका हुबेहूब होता की बाबा गाडीखालून सरपटत बाहेर आले. बाबा बाहेर येणं ही साधी गोष्ट नव्हे. त्यांनी त्याला खालून वर न्याहाळलं, "पुन्हा काढा," म्हणाले, त्याने पुन्हा काढला, आणि बाबा समाधानाने परत आत गेले. तेव्हापासून त्यांनी त्याचं नाव 'अंदाजपंत' ठेवलं. अर्थात तो नसताना.

एकदा मी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून त्याची मूठ कानाला लावली होती. आतला आवाज असा नेमका ऐकू येतो.

"मी ऐकू?" त्याने विचारलं.

मी मूठ त्याच्याकडे केली. तो वाकला. बॉनेटखाली दोन डोकी मावतात, पण मधे फारशी जागा उरत नाही. त्याच्या शर्टाला साबणाचा वास येत होता. माझ्या अंगाला कसला येत असेल हे माझ्या लक्षात आलं आणि मी श्वासच रोखून धरला.

"काय ऐकू येतंय?"

"धडधड," तो डोळे मिटून म्हणाला.

"कुणाची?"

त्याने मूठ कानावर आणखी दाबली. मग डोळे न उघडताच म्हणाला, "इंजिनाची असावी… दाट शक्यता आहे."

त्या संध्याकाळी मी हात दोनदा साबणाने धुतले. नखांतलं तेल काडीने काढलं. दुसऱ्या दिवशी टोपीखाली केस विंचरून आले. टोपीखालचे केस कुणाला दिसतात? पण आले.

"साबण फार लवकर संपतोय हल्ली," गाडीखालून बाबा म्हणाले.

"महाग झालाय."

"महाग झाला की संपतो होय?"

तो आला की मी त्याच्या घरच्यांची चौकशी करायचे. आई-वडील दूर गावी होते, इथे तो आत्याकडे राहायचा. गाडी आत्याच्या यजमानांची, म्हणजे त्याच्या काकांची होती. ते गेल्यापासून आत्याच बाईसाहेबांच्या मालक आणि तो ड्रायव्हर.

"आत्या कधी आल्या नाहीत इकडे?"

"तिला पेट्रोलचा वास सोसत नाही. गॅरेज म्हटलं तरी नाकाला रुमाल लावते. शिवाय तिला कामं फार असतात. तिला कुठे फट, भोक, गळती दिसलेली चालत नाही. घरातल्या सगळ्या खिडक्यांच्या फटी तिने लांबी, म्हणजे काचेला लावतात ती पुट्टी, भरून बुजवल्यात. हवामान खात्यात नोकरी करून मी अशा घरात राहतो, जिथे वारा दारावरची बेल वाजवून येतो."

मी हसत होते. तो मला हसताना बघत होता… निदान मला तसं वाटत होतं. बाबांना तर खात्रीच होती.

"गाडीत काही दोष नाही," ते एकदा चहा पिताना म्हणाले. "आमच्या वेळी पोरं पत्ता विचारायची. नाहीतर घड्याळात किती वाजले विचारायची. हा इंजिनाचा आवाज काढतो. काळ बदलला."

"काहीतरीच काय बाबा!"

"मग तूच सांग. जी गाडी तुझ्या दारात आली की बरी होते आणि दारातून गेली की बिघडते, तिला कसला आजार म्हणायचा?"

मी रात्रभर विचार केला. सगळी लक्षणं मांडली. ठिणगी ठीक, पेट्रोल ठीक, आवाज ठीक, फेरी ठीक. गाडी ठीक आहे तर बिघाड दुसरीकडेच असणार, हे साधं तर्कशास्त्र. आणि मला तो बिघाड फार आवडला होता. अगदी पहिल्या दिवसापासून, त्या येड्या छत्रीपासून आवडला होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण स्वतःपासून लपवण्याइतकी मी कच्ची मेकॅनिक नाही.

म्हणून पुढच्या खेपेला तो आला, "काल परत…" म्हणाला, तेव्हा मी पाना खाली ठेवला, हात पुसले आणि निदान सांगून टाकलं.

"तुमच्या गाडीला काहीही झालेलं नाही. आणि ते तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही गाडीसाठी येतच नाही."

गाडीखालचा खडखडाट थांबला.

त्याच्या कपाळावर आठी पडली. तो खरोखर विचार करायला लागला. "गाडीसाठी येत नाही," त्याने सावकाश म्हणून बघितलं. "मग कशासाठी येतो?"

देवा. त्या प्रश्नात खट्याळपणाचा लवलेश नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं. माझे कान तापले, मान तापली, टोपीखालचे विंचरलेले केससुद्धा तापले.

"ते… ते मला काय माहीत," मी म्हणाले.

"म्हणजे गाडी बंद पडते असं मी खोटं सांगतो?" आता त्याचा चेहरा उतरला. "इतके दिवस मी येतोय, आणि तुम्हाला वाटतं मी… खोटं?"

"मी तसं नाही म्हटलं—"

"अंदाज चुकतात आमचे. रोज चुकतात. पण निरीक्षण खोटं नसतं," तो म्हणाला. बाईसाहेबांचं दार त्याने हळूच लावलं. रागातसुद्धा हळूच. आणि निघून गेला.

गाडीखालून बाबा म्हणाले, "आवाज मात्र छान काढायचा."

तो पुढच्या आठवड्यात आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. साबण पुरायला लागला. गल्लीच्या तोंडाशी कुठलीही गाडी वळली की माझी मान आपोआप वर व्हायची आणि खडखडणाऱ्या कुठल्या तरी टेंपोला बघून खाली यायची. मला त्याची आठवण येत होती, हे एक. आणि दुसरं त्याहून वाईट. तो खरं बोलत असेल तर त्या गाडीत दोष होता, आणि मला तो सापडला नव्हता. मी गाडी सोडून माणूस तपासत बसले होते, आणि तोही चुकीचा तपासला.

शेवटी एका दुपारी मी सरळ त्याच्या ऑफिसात गेले. बाहेरच्या गवतात पायांवर उभी केलेली पांढरी, झडपांची पेटी होती, खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण होता आणि तो पेटीत डोकं खुपसून तापमान वाचत होता. मी मागे जाऊन उभी राहिले.

"मी माफी मागायला आले."

त्याचं डोकं पेटीच्या चौकटीला आपटलं. "तुम्ही!" तो डोकं चोळत म्हणाला. बघून आनंद झाला असावा. मग त्याला आठवलं की आपण रागावलेलो आहोत. "बोला," तो गंभीरपणे म्हणाला.

"तुमचं निरीक्षण खरं आहे. माझं निदान चुकलं. मला गाडी पुन्हा बघू द्या."

"आता फार दिवस नाही बघता येणार." त्याने पेटीचं दार लावलं. "आत्याने ठरवलंय. रविवारी तिच्या लग्नाचा वाढदिवस. दरवर्षी ती दोघं बाईसाहेबांना घेऊन टेकडीवर जायची. काका गेल्यावर मी न्यायला लागलो. गेल्या वर्षी अर्ध्या वाटेतून परत आलो. या रविवारी चढली नाही तर गाडी भंगारात."

गाडी भंगारात गेली की हा कशाला येतोय? आणि गाडी बरी झाली तरी हा कशाला येतोय? दोन्हीकडून माझंच नुकसान होतं. पण आजारी गाडी आणि तिच्यासाठी भिजणारा माणूस समोर असताना नफा-तोटा बघायचा नसतो, एवढं बाबांनी मला शिकवलंय.

"रविवारी मी तुमच्याबरोबर येते," मी म्हणाले. "फक्त एक करा. माझ्याकडे येताना जे काही करता त्यातलं काही करू नका. रोज जसे निघता तसे निघा. मी गाडीत नाहीच असं समजा."

"ते जरा… अवघड आहे," तो म्हणाला आणि एकदम वाऱ्याच्या बाणाकडे बघायला लागला.

रविवारी मागच्या सीटवर आत्या होत्या. लहानखुऱ्या, ताठ कण्याच्या, मांडीवर विणकाम आणि नाकाशी रुमाल.

"हीच का ती?" त्यांनी रुमालाआडून विचारलं. "जिच्या दारात आमची गाडी शहाण्यासारखी वागते?"

"आत्या!" तो म्हणाला.

"मग काय! माझ्याशी मात्र वैर. बघ हं पोरी, आज चढली तर ठीक. अर्ध्या वाटेत सोडून जाणारं मला आता आणखी कुणी नकोय." हे बोलून त्यांनी विणकामात डोकं घातलं. सुया जरा जास्तच वेगाने चालायला लागल्या.

सपाटीवर बाईसाहेब झोकात चालल्या. पूल ओलांडला. टेकडीचा रस्ता लागला. पहिलं वळण. दुसरं वळण… आणि इंजिनाचा सूर किंचित खाली आला. भुर्र. भुर्र… भु… भ… खाडकन. संपलं. अगदी त्याने काढून दाखवलेला आवाज, जसाच्या तसा.

"बंद पडली!" मी आनंदाने टाळी वाजवली.

आत्या आणि भाचा दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या दुःखावर नाचतेय.

मी बॉनेट उघडलं. ठिणगी बघितली, सणसणीत. कार्ब्युरेटर उघडला. कोरडा! पेट्रोल पोचतच नव्हतं. पंप तर मीच बसवला होता. म्हणजे पुढे काही नाही, मागेच काहीतरी. इतके दिवस मी या गाडीच्या तोंडाशी बसले होते, शेपटाकडे गेलेच नव्हते. मागे गेले. टाकीचं झाकण फिरवलं.

'सुस्स्स…'

बाईसाहेबांनी असा लांबलचक श्वास आत ओढला की मला ऐकतानाच मोकळं वाटलं.

"वास! वास आला!" आतून आत्या ओरडल्या.

"चावी फिरवा," मी त्याला म्हणाले. त्याने फिरवली. पंपाने पेट्रोल ओढायला एक क्षण घेतला आणि बाईसाहेब सुरू झाल्या.

मी झाकण उलटं करून बघितलं. आत बरणीच्या झाकणाची रबरी रिंग घट्ट बसवलेली. आणि झाकणाला हवेसाठी जे बारीक भोक असतं, त्यात लांबी. अशी सफाईने भरलेली, की शिकलेल्या सुताराने मान डोलवावी.

"हे कुणी केलं?"

मागच्या सीटवर सुया थांबल्या. तो चष्मा नाकावर वर सरकवत वळला. "आत्या…?"

"अरे, भोक पडलं होतं झाकणाला!" आत्या उसळून म्हणाल्या. "वर्ष झालं असेल. सगळा वास माझ्या डोक्यात यायचा. तुम्हा कुणाचं लक्ष होतं का? मीच बुजवलं. पक्कं."

"आत्या," मी खिडकीशी वाकून म्हणाले, "ते भोक पडलेलं नव्हतं, ठेवलेलं होतं. टाकी त्यातून श्वास घेते. पेट्रोल जेवढं बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते. हवा नाही आली की पेट्रोल आतच अडतं, आणि चढावर इंजिन जास्त पेट्रोल मागतं, म्हणून तिथेच धाप लागते. उभी राहिली की हळूहळू झिरपून थोडी हवा आत जाते, म्हणून नंतर सुरू व्हायची."

"म्हणजे वर्षभर मीच हिचा गळा आवळत होते?" आत्यांचा रुमाल खाली आला.

"मग तुमच्याकडे येताना का नाही बंद पडली?" त्याने मला विचारलं. आणि विचारता विचारताच त्याचा चेहरा पालटला. "बोर्ड!"

"कसला बोर्ड?"

"पेट्रोल भरूनच गाडी आणावी. मी प्रत्येक वेळी तुमच्या कोपऱ्यावर पेट्रोल भरायचो. झाकण उघडायचं, हवा आत जायची…"

"…आणि बाईसाहेब ताज्या श्वासाने माझ्या दारात," मी म्हणाले. बोर्ड माझ्या हाताने रंगवलेला. निम्मं गाव तो पाळत नाही, आणि ज्याने पाळला त्याला मी खोटारडा ठरवलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि रस्त्यातच खो-खो हसत सुटलो. मग आत्याही हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी विणायची सुई माझ्या हातात दिली. "घे. उकर ते."

मी भोक मोकळं केलं, रिंग काढून टाकली. वास पुन्हा मागच्या सीटवर येणार होताच.

"मी मागे बसणार नाही," आत्यांनी जाहीर केलं. "सर रे. मी चालवते."

"तू?"

"तुझा जन्म व्हायच्या आधीपासून चालवतेय. यांना चढावर गिअर टाकता यायचा नाही, माहीत आहे का? दरवर्षी मीच न्यायची वर."

त्या स्टिअरिंगमागे बसल्या तेव्हा जेमतेम त्यावरून बघू शकत होत्या, पण गाडी अशी चढवली की बाबांनी गाडीखालून बाहेर येऊन बघावं. आम्ही दोघं मागे, मधे विणकामाची पिशवी. वळणावर मी त्याच्याकडे सरकायचे, पुढच्या वळणावर तो माझ्याकडे. दोघंही 'सॉरी' म्हणायचो.

"वासाचा त्रास होतोय?" मी विचारलं.

"नाही." तो खिडकीबाहेर बघत होता. "मला हा वास… हल्ली आवडतो."

टेकडीवर वारा होता. आत्या कठड्याशी जाऊन एकट्या उभ्या राहिल्या, बाईसाहेबांच्या बॉनेटवर एक हात ठेवून. आम्ही जरा लांब थांबलो. हीच वेळ होती. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

"आता तुम्हाला त्रास देणार नाही," तो म्हणाला.

"नाही… आता गरज नाही पडायची," मी म्हणाले.

झालं. बंद पडलेल्या इंजिनाशी तासभर गप्पा मारणारी मी, आणि तोंडातून निघालं ते हे.

पुढचे दिवस मी स्वतःला कामात बुडवून घेतलं. बाबा काही विचारायचे नाहीत. गाडीखालून अधूनमधून नुसता एक सुस्कारा यायचा. मग एका दुपारी अचानक आभाळ भरून आलं आणि पत्र्यावर धाडधाड पाऊस सुरू झाला. मी दार ओढायला गेले तर बोर्डाखाली तो उभा. चालत आलेला. डोक्यापासून पायापर्यंत चिंब.

"गाडी कुठाय?" मी विचारलं.

"आत्याने बाजारात नेलीये. आता मला हात लावू देत नाही."

"काय झालं गाडीला?"

"काही नाही. ठणठणीत आहे."

"छत्री?"

"कोरडं राहील असा अंदाज होता."

"तुमचाच?"

"माझाच."

मी हसले नाही.

"तुम्ही त्या दिवशी म्हणालात," तो म्हणाला, "की मी गाडीसाठी येत नाही."

"ते निदान चुकलं होतं माझं."

"नाही. तेच सांगायला आलोय. निदान बरोबर होतं. लक्षणं मलाच उशिरा कळली." त्याने ओला चष्मा काढला. "पहिल्यांदा मी गाडीसाठीच आलो. दुसऱ्यांदाही. पण नंतर ती चढावर बंद पडली की मला… आनंद व्हायला लागला. आत्या मागून ओरडतेय आणि मी हसतोय. हे ठीक नाही, हे तेव्हाच कळायला हवं होतं. आता गाडी रोज वर जाते, आणि मला कशातच राम वाटत नाही. म्हणून आज कुठलंही निमित्त न घेता आलो. बोर्डसुद्धा पाळलेला नाही."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. गाडीखाली एकही पाना वाजत नव्हता.

"म्हणजे तुम्हाला मी आवडते, अशी शक्यता आहे," मी म्हणाले.

"शक्यता नाही," तो म्हणाला. "नक्की."

हवामान खात्यातल्या माणसाच्या तोंडून हा शब्द! माझे डोळे भरून आले. "मलाही," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. त्या येड्या छत्रीपासून."

"खुंटीवर माझी छत्री आहे," गाडीखालून बाबा म्हणाले. "कोपऱ्यावर चहा चांगला मिळतो. आणि आता जा बाबांनो, मला इथे पाना फिरवायचीसुद्धा चोरी झालीय."

आम्ही निघालो. छत्री त्याने धरली. गल्लीच्या तोंडाशी माझ्या लक्षात आलं की माझ्या अंगावर एक थेंब नाही, आणि छत्रीबाहेर राहिलेला तो पुन्हा निथळतोय. अगदी पहिल्या दिवसासारखा.

"अहो, जरा जवळ आलात तर दोघंही कोरडे राहू," मी म्हणाले.

त्याने छत्रीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "ही एक शक्यता आहे."

आणि जवळ आला.